यंत्र साथीला बसतं तेव्हा

माझा आतेभाऊ तबला वाजवतो. दिवसा बँकेत, संध्याकाळी सात ते नऊ तबल्यावर, हा गेल्या वीस वर्षांचा नेम. मीही त्याच्याच मागोमाग शिकायला बसलो होतो, पण बारावी आली, मग इंजिनिअरिंग आलं, आणि माझा तबला पहिल्या दोन कायद्यांपाशी जो थांबला तो थांबलाच. असो.

दादाच्या रियाजाला पेटीवर लेहरा धरायला कॉलनीतले एक काका यायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकल तबला चालू असतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एकच छोटी सुरावट सारखी फिरत असते, तीनताल असेल तर बरोब्बर सोळा मात्रांची. तबलजी वर वाटेल तेवढी गणितं मांडतो आणि त्या सुरावटीच्या समेवर येऊन पोचतो. दोन वर्षांपूर्वी काका मुलाकडे नाशिकला राहायला गेले आणि त्यांच्या जागी मोबाईलमधला लेहरा आला. सूर पक्का, लय पक्की, चहा नको, काही नको. तरी दादाचं समाधान होईना. म्हणाला, "वाजतं छान रे, पण ते माझ्याकडे बघत नाही." पेशकार रंगात आला की लय किंचित वर सरकते. काका ते न सांगता ओळखायचे. यंत्राला मात्र बटण दाबून सांगावं लागतं, आणि दाबणार कशाने? दोन्ही हात तर तबल्यावर. "तू कॉम्प्युटरवाला ना? बघ की जरा."

मी म्हटलं, दोन शनिवार-रविवारचं काम आहे. (सॉफ्टवेअरवाल्याने 'दोन दिवसांचं काम' म्हटलं की त्याला कितीने गुणायचं हे सुज्ञांस सांगणे न लगे :) ) लागले सहा. पण त्या सहा आठवड्यांत मी ज्या भाषेत हा उद्योग करत होतो, तिचा इतिहास वाचत गेलो आणि चाट पडलो. दादाची तक्रार आणि त्या भाषेच्या जन्मामागची तक्रार जवळजवळ एकच आहे.

भाषेचं नाव प्युअर डेटा, लाडाने पीडी. यात प्रोग्राम लिहायचा नसतो, काढायचा असतो. पडद्यावर चौकटी ठेवायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. एका चौकटीत 'मेट्रो ५००' लिहिलं की ती दर ५०० मिलिसेकंदांनी एक टिचकी देते, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. तिला 'बँग' म्हणतात. ती बँग एका मोजणीच्या चौकटीला जोडायची, पुढे १६ ने भागून बाकी काढायची, की झाला ० ते १५ असा फिरणारा आकडा. तो आकडा एका तक्त्यात घालून तिथला स्वर उचलायचा, स्वराची कंपनसंख्या काढायची, आणि ती आवाज काढणाऱ्या चौकटीला द्यायची. दहा मिनिटांत सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर तयार. आणि हे सगळं वाजत असतानाच बदलता येतं. कंपाईल करा, चालवा, थांबवा, ही भानगडच नाही. तार ओढली की आवाज बदलला.

इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या संगीतात सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला तवा. कोणाच्याही घरी जा, असतोच. आणि तीनतालाच्याही मात्रा सोळाच. यावरून कोणी 'आपल्याकडे हे हजार वर्षांपूर्वीच होतं' वगैरे म्हणू नये ही विनंती. चार चौके सोळा, एवढंच.

आता थोडं मागे जाऊ.

कॉम्प्युटरमधून संगीत काढण्याची सुरुवात १९५७ ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरने आयबीएम ७०४ वर 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि १७ सेकंदांची एक सुरावट वाजवून दाखवली. पण त्या काळात यंत्राला एक सेकंदाचा आवाज काढायला एक सेकंदाहून बराच जास्त वेळ लागे. गणित आधी करून ठेवायचं, टेपवर उतरवायचं, आणि मग ऐकायचं. म्हणजे वाजवणं असं काही नाहीच. सगळं आधीच ठरलेलं.

टेप आली तशी संगीतकारांनी ती मंचावरही आणली. इटलीच्या ब्रूनो मादेर्नाने १९५२ मध्येच बासरी आणि टेप एकत्र घेऊन रचना केली होती. पुढे अशा रचनांची रीतच पडली. कल्पना करा: बासरीवाला मंचावर, शेजारी स्पीकर, आणि टेप सुरू झाली की झाली. बासरीवाल्याचा श्वास एखाद्या जागी लांबला, सभागृह घुमतंय म्हणून त्याला जरा सावकाश जावंसं वाटलं, तरी टेप थांबायची नाही. मुंबई लोकलसारखी. तुम्ही धावा.

आणि मुंबईचा विषय निघालाच आहे तर, १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा फार कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी डोक्याला हात लावला, कारण ती पुढच्या अ‍ॅसिड हाउस संगीतासारखी वाजते आणि त्याच्या कितीतरी आधीची आहे. ती ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. ठेका आणि खालची खर्जातली सुरावट यंत्राने घट्ट धरलेली आहे, आणि चरणजित सिंग तिच्यावर स्वार होऊन वाजवताहेत. तिथे यंत्राने थांबायची गरजच नव्हती. माणूस थोर असला की लोकलही पकडतो. पण सगळ्या संगीताला हे चालत नाही.

पॅरिसमधल्या लोकांना तर अजिबात चालत नव्हतं. तिथे पिएर बुलेझ या संगीतकाराच्या पुढाकाराने इरकाम ही संस्था उभी राहिली आणि १९७७ मध्ये सुरू झाली, पोंपिदू सेंटरच्या शेजारी, चक्क जमिनीखाली. ज्युसेप्पे दि जुन्यो या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने तिथे एकामागून एक यंत्रं बनवली, त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात दांडगं म्हणजे '४एक्स'. कपाटाएवढं. पण ते ऐकलेला आवाज त्याच क्षणी बदलून परत देऊ शके. बुलेझची 'रेपाँ' ही रचना १९८१ मध्ये याच यंत्राबरोबर पहिल्यांदा वाजली.

म्हणजे ताकद आली. आता अक्कल हवी होती. वादक कुठे आहे हे यंत्राला कळणार कसं?

इरकाममध्ये लॉरेन्स बोरगार नावाचा एक तरुण बासरीवादक होता. त्याने आपल्या बासरीच्या चाव्यांना विजेच्या कळा जोडून ती कॉम्प्युटरला बोलेल असं काम चालवलं होतं. एमआयटीचे बॅरी व्हर्को त्याच्याबरोबर काम करत होते, आणि १९८४ च्या पॅरिसमधल्या परिषदेत त्यांनी वादकाच्या मागे मागे जाणारा 'कृत्रिम साथीदार' मांडला. गंमत म्हणजे त्याच परिषदेत अमेरिकेच्या रॉजर डॅननबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडलं. डॅननबर्ग यांची पद्धत आपल्या ओळखीची निघाली. लिहिलेली सुरावट ही एक अक्षरमाळ, वाजवणारा वाजवतोय ती दुसरी अक्षरमाळ. मधे एखादा स्वर गळेल, एखादा चुकून जास्त येईल. तरी दोन्ही जास्तीत जास्त कुठे जुळतात ते शोधत राहायचं. आपण रोज दोन फायलींमधला फरक बघायला जी साधनं वापरतो त्यांच्या पोटातही याच घराण्यातलं गणित असतं. मी नऊ-दहा वर्षं ते वापरतोय, त्यावर कोणी बासरीची साथ करेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

बोरगार १९८५ मध्ये वारला, अगदी ऐन तारुण्यात. फिलिप मानुरी या फ्रेंच संगीतकाराने बासरी आणि ४एक्स यांच्यासाठी 'ज्युपिटर' ही रचना पूर्ण केली ती १९८७ मध्ये. तिच्यात यंत्र खरोखर बासरी ऐकतं आणि लिहिलेल्या सुरावटीत आपण कुठे आहोत ते शोधत चालतं. तिचा सॉफ्टवेअरचा भाग करणारा होता मिलर पकेट, एमआयटीत व्हर्कोंच्या हाताखाली काम केलेला, हार्वर्डमधून गणितात डॉक्टरेट केलेला.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मानुरीने पियानोसाठी 'प्लुतॉन' लिहिली, आणि इथे आपली गोष्ट सुरू होते. ४एक्सला काय करायचं हे सांगणारा प्रोग्राम पकेट मजकुराच्या रूपात लिहीत होता. पण तालमीच्या वेळी मानुरी म्हणणार, हे जरा उशिरा येऊ दे, ते त्याच्यावर अवलंबून ठेव, आणि दर वेळी प्रोग्रामरला पळावं लागणार. म्हणून पकेटने मॅकिंटॉशवर असा कार्यक्रम बनवला की चौकटी आणि तारांनी हे संबंध पडद्यावर काढता येतील आणि मिडीच्या तारेवरून मॅक ४एक्सला हुकूम सोडेल. चित्र काढून प्रोग्राम करणं हे तेव्हाही काही अगदी नवं नव्हतं. जुन्या सिंथेसायझरवर खऱ्या तारा खोचून आवाज जोडत, त्याचंच हे पडद्यावरचं रूप. नवी होती ती वेळेची समज. कुठलीही घटना कधीही येईल, वादकाकडून किंवा घड्याळाकडून, आणि ती आली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं ताबडतोब व्हायला हवं. हा विचार पकेटने घेतला तो मॅक्स मॅथ्यूज यांच्या १९८१ च्या सुमाराच्या एका प्रोग्राममधून. म्हणून भाषेचं नाव ठेवलं 'मॅक्स'. १९५७ चा तोच मॅक्स. (ते २०११ पर्यंत होते. आपल्या नावाची भाषा जगभर वापरली जाताना बघायचं भाग्य किती इंजिनिअरांना मिळतं?)

पकेटने पुढे लिहिलंय त्यातली एक गोष्ट मला फार पटली. मॅक्स उघडलं की समोर कोरा पडदा येतो. त्यावर पाच रेघा नाहीत, ताल नाही, सप्तक नाही, 'स्वर' अशी कल्पनासुद्धा नाही. हे त्याने मुद्दाम केलं. बाजारातलं बहुतेक संगीताचं सॉफ्टवेअर उघडा, ते आधीच चार-चारचे ठोके आखून बसलेलं असतं. रूपक लावायचं तर आधी त्याच्याशी भांडा. कोऱ्या पडद्यावर मला रूपक लावायला फक्त १६ च्या जागी ७ लिहावं लागलं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९९० मध्ये ओपकोड कंपनीने मॅक्स बाजारात आणलं. डेव्हिड झिकारेलीने त्यावर एवढं काम केलं होतं की ते त्याचंही अपत्य म्हणायला हरकत नाही. इरकामने ४एक्स सोडून नेक्स्ट कॉम्प्युटरमध्ये इंटेलच्या आय८६० चिपांचे खास बोर्ड घातले, आणि १९९३ मध्ये नेक्स्टने कॉम्प्युटर बनवणंच बंद केलं. पकेट १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला शिकवायला गेला, आणि १९९६ च्या सुमारास त्याने सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं, फुकट, कोणालाही वाचता-बदलता येईल असं. तेच पीडी. त्यातलं आवाजाचं काम झिकारेलीने १९९७ मध्ये मॅक्सला जोडलं आणि त्या भागाला 'एमएसपी' नाव दिलं, मिलर एस. पकेट याची आद्याक्षरंही तीच. मग जर्मनीत मोनोलेक या नावाने वाजवणारे रॉबर्ट हेन्के आणि गेरहार्ड बेहलेस आपल्या कार्यक्रमांसाठी मॅक्समध्येच सिक्वेन्सर बनवून वापरू लागले, आणि त्यातूनच पुढे 'एबलटन लाइव्ह' आलं, २००१ मध्ये. आज पार्ट्यांमध्ये लॅपटॉप घेऊन उभा असलेला माणूस बहुधा तेच वापरत असतो. २०१७ मध्ये एबलटनने मॅक्स बनवणारी झिकारेलीची कंपनीच विकत घेतली. वर्तुळ पूर्ण.

या सगळ्यात मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. ४एक्स गेलं. नेक्स्ट गेलं. मग 'ज्युपिटर' आणि 'प्लुतॉन' यांचं काय? कागदावर बासरीचे आणि पियानोचे स्वर आहेत, ते टिकतील. पण अर्धी रचना तर यंत्रात होती! मी नोकरीत तीन वर्षं एका मोठ्या गिऱ्हाइकाची जुनी प्रणाली नव्यावर हलवण्याचं काम केलंय. मूळ लिहिणारे गेलेले, कागदपत्रं नाहीत, आणि 'हा आकडा ०.३७ च का' याचं उत्तर कोणाकडेच नाही. तिथे फार तर बिलं चुकली असती. इथे वीसएक वर्षांत एक अख्खं संगीत मुकं झालं असतं. पकेटने यावर स्वतःच काम काढलं: मानुरीच्या आणि इतरांच्या अशा रचनांचा यंत्राचा भाग पीडीत नव्याने उभा करायचा आणि खुला ठेवायचा. पीडीची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. चौकट इथे आहे, तार इथून तिथे जाते, एवढंच ओळीओळीने लिहिलेलं. उद्या पीडीही गेलं तरी कोणी शहाणा माणूस ती वाचून पुन्हा बांधू शकेल.

हा साधा मजकूर मलाही वाचवून गेला, त्याची कथा अशी.

मी आधी ठरवलं की मायक्रोफोन लावू आणि यंत्रालाच दादाचा तबला ऐकू दे. पीडीत आघात ओळखणारी 'बाँक' नावाची चौकट आहे, पकेटचीच, १९९८ ची. चाटेवरचे आघात तिला झकास कळले. पण डग्ग्यावर दादाने घुमारा घेतला की तिचा गोंधळ. आणि मुळात आघात कळून उपयोग काय? व्हर्को आणि डॅननबर्ग यांची युक्ती चालते कारण बासरीवाला काय वाजवणार हे आधी लिहिलेलं असतं, आणि यंत्राला फक्त त्यातली जागा शोधायची असते. आमच्याकडे नेमकं उलटं! लिहिलेली असते ती लेहऱ्याची सुरावट, म्हणजे यंत्राचा भाग. आणि दादा काय वाजवणार हे खुद्द दादालाही आधी माहीत नसतं. दुप्पट घेतली की लय वाढली, हे कसं ओळखायचं? दोन आठवडे त्यात घालवले आणि नाद सोडला.

मग साधा मार्ग. तपकीर गल्लीतून एक पायाने दाबायचं बटण आणलं, एका जुन्या कीबोर्डची पाठ उघडून स्पेसबारच्या तारांना डकवलं. दादाने वाटेल तेव्हा समेवर पाय दाबायचा. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत किती वेळ गेला तो मोजून १६ ने भागायचा. ती नवी मात्रा. सोपं. जोडलं, दादाने तीनताल सुरू केला, समेवर पाय दाबला, आणि स्पीकरमधून फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाल्यासारखा 'घुर्रर्र' असा आवाज. आतून आत्याची हाक, "काय जळलं का रे?"

अर्धा तास चित्र बघत होतो, चूक दिसेना. शेवटी फाईल मजकूर म्हणून उघडली तेव्हा कळलं. पायाच्या बटणातून दोन तारा टायमरला जात होत्या, एक 'किती वेळ झाला सांग' आणि दुसरी 'शून्यापासून सुरू कर'. पीडीत एकाच जागेहून दोन तारा निघाल्या तर कुठली आधी, हे ती कुठल्या क्रमाने जोडली त्यावर ठरतं, आणि पडद्यावर तो क्रम दिसत नाही. मी शून्य करणारी आधी जोडली होती. म्हणजे यंत्र आधी घड्याळ पुसायचं आणि मग वेळ विचारायचं. उत्तर शून्य. मात्रा शून्य मिलिसेकंदांची झाली, पीडीने ती बिचाऱ्याने एक मिलिसेकंद मानली, आणि तीनतालाचं आवर्तन १६ मिलिसेकंदांत! सेकंदाला बासष्टहून जास्त समा. तो खर्ज म्हणजे दुसरं काही नव्हतं, तो चंद्रकंसाचा लेहराच होता.

चित्रांच्या भाषेबद्दल माझं हे भांडण आहेच. दोन चित्रं हुबेहूब सारखी दिसतात आणि वेगळं वाजतात. मॅक्समध्ये तर क्रम चौकटीच्या पडद्यावरच्या जागेवरून ठरतो, उजवीकडची आधी. चित्र नीटनेटकं करायला चौकट सरकवलीत तर प्रोग्राम बदलू शकतो! यावर दोन्हीकडे 'ट्रिगर' नावाची चौकट हा उपाय आहे. ती क्रम उघडपणे बांधून देते. ती मी घातली. मात्रा एकदम उडी मारू नये म्हणून नवी लय चार मात्रांत हळूहळू चढेल असंही केलं.

गेल्या रविवारी दादाने पाऊण तास वाजवलं. पेशकारात तीनदा पाय दाबला, पुढे कायद्यात एकदा. मी समोर बसून हाताने ताल धरला होता, बऱ्याच वर्षांनी. संपल्यावर विचारलं, "आता बघतंय का तुझ्याकडे?"

घाम पुसत म्हणाला, "बघत नाही. पण पाय मारला की ऐकतं." मग हातोडी घेऊन चाट उतरवता उतरवता, "समेच्या आधीच्या दोन मात्रांना काका भाता जरा दाबायचे. सम येतेय हे त्यावरून कळायचं. ते जमेल का?"

त्याला एक 'लाइन' नावाची चौकट आहे. या शनिवारी बसतो.